आठ बोटांच्या वहिनी

दोन्ही हात पुढे करायचे, अंगठे तळव्यात मिटून घ्यायचे आणि उरलेली आठ बोटं समोरच्याच्या नाकापुढे धरायची, ही वहिनींची सवय. कुणाच्या मुलाला गणितात कमी मार्क पडोत, कुणाच्या सुनेला पोळ्या जमत नसोत, की ऑफिसात कुणाला नवा साहेब नकोसा झालेला असो, वहिनींचे हात पुढे यायचेच.

"आठ आहेत," त्या म्हणायच्या. "एखादी तरी सापडतेच."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट पटलेली असते आणि ती ते सगळीकडे लावून बघतात. माझी एक मावशी होती, ती पोटदुखीपासून परीक्षेच्या भीतीपर्यंत सगळ्यावर ओवा सांगायची. वहिनींचा ओवा म्हणजे बुद्धीचे आठ प्रकार. फरक एवढाच, की मावशीचा ओवा आम्ही चुकवायचो आणि वहिनींच्या बोटांसमोर मात्र आपण होऊन जाऊन उभे राहायचो.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात आम्ही खाली राहायचो, त्या वर. त्यांचे यजमान माझ्याच मंत्रालयात, माझ्याहून एक पायरी वरचे. मी त्यांना दादा म्हणायचो, म्हणून या वहिनी. मूळचे ते अहमदनगरचे ख्रिस्ती. नाताळात वहिनींच्या घरून करंज्या, चकल्या आणि अनारशांचं ताट खाली यायचं. शेजारच्या मल्होत्रांना याचं फार कोडं पडायचं. "आप लोग दिवाली दो बार मनाते हैं क्या?" असं त्यांनी एकदा मला विचारलं. मी म्हटलं, करंज्या मिळत असतील तर तीनदा मनवायलाही आमची हरकत नाही.

वहिनी एका खाजगी शाळेत शिकवायच्या. त्या दिवसांत दिल्लीच्या आजूबाजूला नव्या शाळा निघत होत्या, आणि जुन्या शाळांना त्यांची धास्ती वाटू लागली होती. मग जुन्या शाळाही नव्या कल्पना आणायला लागल्या. वहिनींच्या शाळेनं त्यांना कुठल्याशा शिबिराला पाठवलं. तिथून त्या ही गोष्ट घेऊन आल्या. बुद्धी एक नसते, अनेक असतात. कुणाची भाषेची, कुणाची आकड्यांची, कुणाची सुरांची. कुणाचं अंगच हुशार असतं. कुणाला चित्रं आणि जागा कळतात, कुणाला माणसं, तर कुणाला स्वतःचं मन. परीक्षा मात्र दोनच तपासते आणि बाकीच्यांना ढ म्हणून मोकळी होते.

तेव्हा त्या सातच होत्या. एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्याची दोन, असा तो लंगडा कारभार होता. एका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर वहिनी भेटल्या, तेव्हा बोटं आठ झाली होती.

"एक वाढली भाऊजी," त्या आनंदानं म्हणाल्या. "निसर्गाची. झाडं, पाखरं, ढग ज्याला कळतात त्याची. तिकडे मोठ्या लोकांनी मान्य केलीय."

"पे कमिशन बसलं होतं का?" मी विचारलं.

वहिनी हसल्या. "बघा, आता हाताला तोल आला. चार इकडे, चार तिकडे."

माझी मुलगी केतकी तेव्हा लहान होती. ती त्यांच्या मांडीवर बसून त्यांचे मिटलेले अंगठे उघडायचा प्रयत्न करत होती. "काकू, अंगठ्यात काय आहे?"

"अंगठे राखीव," वहिनी म्हणाल्या. "अजून ज्या कुणाला सापडल्या नाहीत, त्या तिथं ठेवल्यात."

हिवाळ्यात क्वार्टरांच्या मधल्या हिरवळीवर बायका ऊन खात मटार सोलत बसायच्या. वहिनीही बसायच्या, पण त्यांच्या शेंगा तशाच राहायच्या. त्यांचं लक्ष येणाऱ्या-जाणाऱ्यांवर. इस्त्रीवाला कपडे घेऊन आला की "याला जागा कळते, गठ्ठा बघा कसा बांधतो." मल्होत्रांची सासू भांडताना दिसली की "भाषेची आहे हो, वाया चाललीय." एकदा आमचे सहसचिव रस्त्यानं चालले होते. सगळ्या मंत्रालयाला धाक असलेला माणूस. वहिनींनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि हळहळून म्हणाल्या, "बिचाऱ्याला चांगलं नाचता आलं असतं." त्यानंतर कितीतरी दिवस साहेबांनी बोलावलं की माझी पंचाईत व्हायची.

माझ्यापाशी मात्र त्यांचं घोडं अडलं. त्यांनी प्रयत्न पुष्कळ केले. मला प्रार्थनेच्या पेटीसमोर बसवलं, आणि दोन सुरांत पेटी बंद केली. एक मनीप्लांट दिलं, जे मरत नाही म्हणतात. ते मेलं. भाषेची असेल, असं मी आशेनं सुचवून पाहिलं, कारण आयुष्यभर मी टिपणंच लिहीत होतो.

"दादांनी दाखवलीत तुमची टिपणं," वहिनी म्हणाल्या. "भाषेची नाही."

"मग?"

"तुमची सापडायचीय अजून," असं म्हणून त्या करंजी पुढे करायच्या. हे आमचं वर्षानुवर्षं चाललं. नमस्कार-चमत्काराऐवजी मी जिन्यातूनच विचारायचो, "सापडली का?" आणि वरून उत्तर यायचं, "शोध चालू आहे."

आर. के. पुरमच्या गणपतीत मुलांचं नाटक बसवायला दरवर्षी वहिनीच असत. त्यांचं नाटक म्हणजे पात्रांप्रमाणे मुलं नव्हे, मुलांप्रमाणे पात्रं. एक मुलगा फक्त कोलांट्या मारायचा, म्हणून राजाच्या दरबारात कोलांट्या मारणारा प्रधान आला. एक मुलगी कुणाशीच बोलत नसे, तिनं मागचा पडदा रंगवला आणि शेवटी सगळ्यांबरोबर तिला पुढे उभं केलं. आमची दिल्लीत वाढलेली मुलं, त्यांचं मराठी घरापुरतं. एका वर्षी सेनापतीनं "महाराज, सिंहासनावर विराजमान व्हावं" असं म्हणायचं होतं. ऐन वेळी त्याला सिंहासन आठवेना. तो थांबला, महाराजांकडे पाहिलं आणि म्हणाला, "महाराज, चलो, खुर्चीवर बसा ना यार."

सभागृह हसून हसून लोळलं. पोराचे डोळे भरून आले होते. वहिनी विंगेतून सरळ स्टेजवर गेल्या आणि त्याची पाठ थोपटत माइकमध्ये म्हणाल्या, "शब्द गेला, पण याचे महाराज उभे राहिले नाहीत. बसलेच." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरगं दुसऱ्या वर्षी स्वतः महाराज झालं.

घरी परतताना बसमध्ये मी विचारलं, "ही आठातली कुठली?"

"आठातली नाही," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "ही अंगठ्यातली."

आता केतकीचं सांगतो. तिला पाढे येत नव्हते. माझी बायको शुभा बँकेत होती, आकड्यांत वाढलेली. ती रोज संध्याकाळी केतकीला घेऊन बसायची आणि रोज दोघी रडून उठायच्या. पालथ्या घड्यावर पाणी. एके दिवशी वहिनी खाली आल्या, केतकीचा हात धरला आणि तिला जिन्यात घेऊन गेल्या. एक पायरी एक आकडा. तिनं उड्या मारत चढायचं, वहिनींनी वरून टाळी द्यायची. दोनचा पाढा एक सोडून एक पायरी. तीनचा पाढा म्हणजे लांब उडी. पुढचे पाढे पायांनी जमेनात, तेव्हा ती कठडा बडवत म्हणायची. सगळी बिल्डिंग हादरायची. मल्होत्रा दार उघडून म्हणायचे, "भूचाल आया क्या?" वहिनी वरून सांगायच्या, "नहीं भाईसाहब, पहाड़ा आया."

मी त्या वेळी ऑफिसातून आलेला असायचो. चहा तसाच ठेवून मी जिन्याच्या तळाशी जाऊन उभा राहायचो.

"भाऊजी, तुम्ही कशाला उभे?" वहिनी वरून विचारायच्या.

"पडली तर," मी म्हणायचो.

ती पडली नाही. हिवाळा संपेपर्यंत तिला सगळे पाढे आले. त्याच दिवसांत तिला दुसरा एक नाद लागला. कुणाच्या घरी जाऊन आली की ती त्या घराचा नकाशा काढायची. दारं, खिडक्या, ओटा, सगळं. आमच्या क्वार्टरचा काढला तेव्हा तिनं स्वयंपाकघराला मोठी खिडकी दिली होती, जी तिथं नव्हती. "आईला उजेड पाहिजे," म्हणाली. मोठी झाल्यावर घरं बांधणार, हे तिनं तेव्हाच जाहीर केलं. वहिनींनी तो नकाशा आपल्या स्वयंपाकघरात लावला.

मग दिवस पालटले. ऑफिसातल्या दहा-बारा जणांनी मिळून सोसायटी काढली आणि गाझियाबादच्या बाजूला, जिथं पूर्वी नुसती शेतं होती, तिथं आमचे फ्लॅट उभे राहिले. दादा-वहिनी तिसऱ्या मजल्यावर, आम्ही पहिल्या. सोसायटीच्या दुसऱ्या टप्प्यात पुण्या-मुंबईहून आलेली तरुण मंडळी राहायला आली. दोघं नवराबायको कंपनीत, दारात गाडी. मुलांच्या बाबतीत त्यांना कुठलीच गोष्ट नशिबावर सोडायची नव्हती. समोर मॉल झाला. आमच्या पिढीनं त्यातला सरकता जिना पहिल्यांदा पाहिला तो कौतुकानं, लांबून. वहिनी शाळेतून निवृत्त झाल्या आणि सोसायटीतल्या मुलांना घरी बोलावू लागल्या. बोटं तीच, आठ.

त्या मॉलमध्ये एक दुकान निघालं. तिथं मुलांच्या बोटांचे ठसे घ्यायचे आणि कोणती बुद्धी किती, ते छापून द्यायचे. आठही. रंगीत पट्ट्यांसकट. मुलानं कोणत्या शाखेला जावं, कोणता धंदा करावा, कोणता करू नये, सगळं त्यात असायचं. बघता बघता सोसायटीतल्या निम्म्या मुलांचे ठसे घेऊन झाले. बागेत बाया एकमेकींना सांगू लागल्या, "आमच्याची म्युझिकल हाय आली, पण लॉजिकल जरा लो आहे." साखर आणि ब्लडप्रेशर सांगावं, त्या सुरात.

माझा धाकटा भाऊ पुण्याहून नॉयडात नोकरीला आला होता. हौशी माणूस. त्यानं केतकीला वाढदिवसाची भेट म्हणून तिथं नेलं आणि तिचा रिपोर्ट काढून आणला.

केतकी तेव्हा नववीत होती. गणित अवघड व्हायला लागलं होतं. भूमितीपर्यंत ठीक, पण बीजगणितात ती अडखळत होती आणि एका चाचणीत नापास झाली होती. रिपोर्टात आकड्यांची पट्टी सगळ्यात आखूड होती. खाली करू नयेत अशा व्यवसायांत वास्तुशास्त्राचं, म्हणजे आर्किटेक्चरचं, नाव होतं. तिनं ते वाचलं, पान मिटलं आणि फार शांतपणे गणिताचं पुस्तक कपाटात ठेवून आली.

"बाबा, तुम्ही टेन्शन नका घेऊ," ती म्हणाली. "मला एकदम हलकं वाटतंय. माझ्यात ते नाहीच आहे. मग उगाच कशाला? दहावीपुरतं पास होईन, मग सोडून देईन."

"आणि घरं?"

"कुणीतरी दुसरं बांधेल."

ती रडली असती तर मला समजूत घालता आली असती. हे हलकं वाटणं मात्र मला सोसवेना. गणित सोडलं की वास्तुशास्त्राला प्रवेश नाही, हे तिलाही माहीत होतं. शुभानं समजावलं, मी समजावलं, शाळेतल्या सरांनी समजावलं. ती प्रत्येकाला तो रिपोर्ट दाखवायची. आमच्याकडे फक्त शब्द होते, तिच्याकडे रंगीत पट्ट्या. शुभा स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून डोळे पुसायची आणि मला म्हणायची, कांदा चिरतेय. ओट्यावर कांदा नसायचा.

शेवटी मी तो रिपोर्ट घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो. वहिनींनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. मी त्यांना रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. आवाज चढला नाही, फक्त हात मांडीवर घट्ट मिटलेले राहिले.

"माझ्याच आठ आहेत हो या," त्या म्हणाल्या. "जशाच्या तशा."

"म्हणजे खरं आहे?"

"भाऊजी, आठ खऱ्या आहेत. पण मी शोधत बसते. हे सांगून मोकळे होतात."

त्या केतकीशी या विषयावर एक शब्दही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी फक्त खाली येऊन म्हणाल्या, "केतकी, मलाही माझा रिपोर्ट काढायचाय. सोबत चल बाई, त्या सरकत्या जिन्याची मला भीती वाटते." भीती खरी होती. पुढचं मला केतकीनं सांगितलं, आणि नंतर पुष्कळदा सांगितलं, त्यामुळे मी तिथंच होतो असं मला वाटतं.

दुकानात टाय लावलेला एक तरुण होता. तो म्हणाला, "आंटीजी, ये तो बच्चों के लिए है."

"बच्चों के लिए ही करवा रही हूँ," वहिनी म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या.

त्यानं त्यांचं बोट यंत्राच्या काचेवर ठेवलं. पडद्यावर काही उमटेना. बोट पुसलं, पुन्हा ठेवलं. पुन्हा पांढरं. दुसरं बोट, तिसरं बोट. वहिनींच्या बोटांवर रेषा उरल्याच नव्हत्या.

"प्रिंट नहीं आ रहा आंटीजी. बर्तन बहुत धोती हैं क्या?"

"बर्तन भी, और ब्लैकबोर्ड भी," वहिनी म्हणाल्या.

त्यानं मलम लावून पाहिलं, फुंकर मारून पाहिली. फक्त दोन्ही अंगठे तेवढे नीट उमटले. आठ बोटं कोरीच राहिली. वहिनी उठायला लागल्या, तर त्यानं थांबवलं.

"कोई बात नहीं. अंगूठे आ गए ना? बाकी सॉफ्टवेअर अंदाज़े से भर लेता है. रिपोर्ट पूरी आएगी, बिल्कुल सेम."

वहिनींनी मान डोलावली, जणू हे बरोबरच आहे. बोलली ती केतकी.

"भैया, मेरी वाली में भी अंदाज़े से भरा था?"

तो जरा गडबडला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "देखो, थोड़ा-बहुत तो सबका करना पड़ता है."

परतताना दोघींनी रिक्षा केली. मग केतकीला हसू फुटलं. ती इतकी हसली की रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं. हसणं संपल्यावर मात्र तिनं विचारलं, "काकू, मग माझी कुठली? तुम्हीच सांगा ना. तुम्ही सांगितलं तर मी मानेन."

"म्हणूनच नाही सांगणार," वहिनी म्हणाल्या.

वहिनींचा रिपोर्ट चार-पाच दिवसांनी आला. आठही पट्ट्या रंगवलेल्या. माणसं ओळखण्याची सगळ्यात आखूड. सुचवलेले व्यवसाय दोन, विमान चालवणं आणि नौदल. वहिनींनी तो आम्हा सगळ्यांना चहाला बोलावून मोठ्यानं वाचून दाखवला. माणसांच्या पट्टीपाशी आल्यावर दादा म्हणाले, "तरीच. इतकी वर्षं संसार केला, पण मला ओळखलं नाहीस." मग तो रिपोर्ट फ्रीजवर लागला. पाहुणा आला की वहिनी दाखवायच्या, "विमान चालवायचं राहून गेलं बघा माझं."

हसण्यावारी नेलं तरी त्यांना ते कुठेतरी लागलं होतं. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी त्या खाली आल्या. केतकी क्लासला गेली होती. चहाचा कप हातात धरून त्या म्हणाल्या, "भाऊजी, मीही असंच करत आले का हो? हे पोर सुरांचं, ते अंगाचं, असं म्हणत सुटले. कुणी धरून बसलं असेल तर? एखाद्यानं म्हटलं असेल, काकू म्हणाल्या माझं अंग हुशार, मग पुस्तक कशाला उघडू?"

माझी भाषेची नाही, हे त्यांनीच ठरवलेलं. पण त्या खरंच उत्तराची वाट बघत होत्या.

"वहिनी, माझी सापडली का?" मी विचारलं.

"नाही."

"मग ठोकून का नाही दिली एखादी? करंजी देत राहिलात, पण उगाच काही सांगितलं नाहीत. त्या दुकानानं पहिल्या फटक्यात सांगितलं असतं."

वहिनींनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाल्या, "चहात साखर कमी आहे." त्यांना बरं वाटलं की तक्रार करायच्या.

केतकीनं मात्र पुस्तक लगेच बाहेर काढलं नाही. त्यानंतरचे काही दिवस शुभा आणि मी घरात पाय न वाजवता वावरत होतो. विचारायचीही भीती. रिपोर्ट खोटा निघाला म्हणून बीजगणित सोपं होत नाही, हे आम्हालाही कळत होतं.

एका संध्याकाळी मी पेपर वाचत होतो, शुभाचा मिक्सर चालू होता. बाहेर काहीतरी धडधडलं. शुभानं मिक्सर बंद केला. आमच्या सोसायटीत लिफ्ट असल्यामुळे जिना कुणी वापरत नाही, तिथं लोक जुन्या सायकली ठेवतात. आवाज जिन्यातूनच येत होता. कुणीतरी एकेक पायरी जोरात उतरत होतं, आणि प्रत्येक पायरीला मोठ्यानं काहीतरी म्हणत होतं. ए वर्ग. अधिक. दोन ए बी. अधिक. बी वर्ग. मध्येच चुकली की पुन्हा वर जात होती आणि पुन्हा पहिल्यापासून.

शुभा ओल्या हातानं माझा दंड धरून उभी राहिली. आमचा दोघांचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस घरावर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचलून नेलं आणि आम्हाला धड श्वास घेता आला. खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "कौन है भाई, लिफ्ट खराब है क्या?" मला मल्होत्रांची आठवण आली आणि हसू आवरेना.

मी चपला न घालताच बाहेर गेलो आणि जिन्याच्या वळणाखाली जाऊन उभा राहिलो. घोड्याएवढी मुलगी, माझ्याहून उंच झालेली. ती पडली असती तर मीच तिच्याखाली सापडलो असतो. तरी उभा राहिलो.

आवाज ऐकून वहिनीही वरून उतरून आल्या होत्या. कठड्यावरून वाकून त्यांनी केतकीकडे पाहिलं, मग खाली माझ्याकडे.

"अजूनही उभेच का?"

"पडली तर," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. एखाद्या मुलाचं काही हाती लागलं की त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसा तो झाला होता. पण हात पुढे आले नाहीत. त्या केतकीला म्हणाल्या, "दोन ए बी ला दोन पायऱ्या घे ग, तो मोठा आहे," आणि वर निघून गेल्या.

केतकी गणितात पहिली वगैरे आली नाही. तशा गोष्टी दुसऱ्यांच्या मुलींच्या असतात. पडत, उठत, दोन क्लास बदलत ती बारावी झाली आणि वास्तुशास्त्राला गेली. पहिल्या वर्षी ती ड्रॉइंग बोर्डावर वाकून बसायची, तेव्हा शुभा मुद्दाम त्या खोलीतून ये-जा करायची. काही काम नसायचं.

त्याच सुमारास दादांना दिल्लीची हवा सोसेना. हिवाळा आला की छाती भरायची. नगरला त्यांचं घर होतं, भाऊ होता. एका नाताळाला वहिनींनी करंज्यांबरोबर बातमी आणली, की फेब्रुवारीत निघतोय, कायमचं. फ्लॅट एका बंगाली जोडप्यानं घेतला. फ्रीज विकला, त्यावरचा रिपोर्ट वहिनींनी स्वतः काढून केतकीच्या हातात दिला. "तू ठेव," म्हणाल्या. "विमानात बसलीस की आठवण काढ."

आम्ही तिघं त्यांना निजामुद्दीनला सोडायला गेलो. गाडी सुटायला वेळ होता. दादा सामान मोजत होते. वहिनींनी शुभाला मिठी मारली, केतकीच्या डोक्यावरून हात फिरवला. मी त्यांना वाकून नमस्कार केला आणि "सापडली का?" हा नेहमीचा प्रश्न विचारावा असं मनात आलं. तोवर शिट्टी झाली आणि दादांनी त्यांना आत ओढलं.

डबा वातानुकूलित होता. खिडकीची काच उघडत नव्हती. काचेपलीकडून वहिनी काहीतरी सांगत होत्या, ओठ हलताना दिसत होते, शब्द येत नव्हते. गाडी हलली. मी फलाटावरून दोन पावलं बरोबर चाललो. त्यांनी दोन्ही हात उचलून काचेला लावले. मी सवयीनं बोटं पाहिली. अंगठे मिटलेले नव्हते. ते दोन्ही अंगठे त्यांनी सरळ ताठ उभे केले होते आणि त्या माझ्याकडे बघून मान हलवत होत्या.

मी जागच्या जागी थांबलो.

"बाबा, काय झालं?" केतकी मागून आली.

"अंगठे पाहिलेस का काकूंचे?"

"काकू नुसत्या टाटा करत होत्या हो."

"असेल," मी म्हटलं.

गाडीचा शेवटचा डबा वळणापलीकडे गेला तरी मी दोन्ही हात वर धरून उभा होतो. केतकी घाईघाईनं पुलाच्या पायऱ्या चढायला लागली. एकदम दोन-दोन. मी हात खाली घेतले आणि नेहमीसारखा तिच्या मागे, एक पायरी खालून, चढायला लागलो.